भाकऱ्यांचं बिल कुठे लावायचं? चित्रीकरणाच्या सवलती आणि आपला महाराष्ट्र

मुळाकाठची | मंगळवार, रात्री १०.४०

परवा घरी सत्यनारायण होता. जेवणं झाल्यावर आत्यानं विचारलं, "अगं, हल्ली मराठी सिनेमातली माणसं उठसूट लंडनला का जातात? कुणाचा मुलगा तिथे, कुणाचं लग्न तिथे. पूर्वी फार तर महाबळेश्वर असायचं." मी पुण्यात राहते आणि गेली चौदा वर्षं चित्रपट-मालिकांच्या प्रॉडक्शनचे हिशेब बघते, त्यामुळे उत्तर ठाऊक होतं. पण पंगत आवरायची घाई होती. ते उत्तर इथे नीट लिहिते, कारण त्याच्या पाठोपाठ आपल्या महाराष्ट्राबद्दल जे बोलायचंय ते बरेच दिवस मनात आहे.

ब्रिटनमध्ये चित्रपट केला की तिथल्या पात्र खर्चावर सरकार ३४ टक्के कर-क्रेडिट देतं, म्हणजे करात वळती होणारी सवलत. त्या क्रेडिटवर पुन्हा २५ टक्के कंपनी कर लागतो, म्हणजे तिथे शंभर खर्च केले की साडेपंचवीस परत येतात. चित्रपटाच्या मुख्य खर्चापैकी जास्तीत जास्त ८० टक्क्यांवर हे मिळतं. किमान १० टक्के खर्च ब्रिटनमध्ये व्हावा लागतो आणि कंपनी तिथे नोंदवलेली लागते. शिवाय एक सांस्कृतिक चाचणी असते. ३५ पैकी १८ गुण मिळवायचे. गोष्ट कुठे घडते, पात्रं कुठली, कलाकार-तंत्रज्ञ कुठले, काम कुठे झालं, या सगळ्याला गुण आहेत. आता लक्षात आलं ना, पटकथेतला मुलगा नोकरीला लंडनला का असतो? चार-सहा कोटींत सिनेमा करणाऱ्या निर्मात्याला परत येणारा चौथा हिस्सा म्हणजे जीव की प्राण. त्याला मी अजिबात दोष देत नाही.

हे फक्त परदेशातच चालतं असं नाही. उत्तर प्रदेशाच्या २०१८ च्या धोरणात निम्मे दिवस त्या राज्यात चित्रीकरण केलं तर १ कोटीपर्यंत आणि दोन-तृतीयांश दिवस केलं तर २ कोटीपर्यंत अनुदान अशी पायरी होती. मध्य प्रदेशानं २०२० मध्ये धोरण आणलं. गेल्या दहा वर्षांत हिंदी गोष्टी लखनौ, भोपाळ, चंदेरीत घडायला लागल्या त्याला लेखकांची आवड आहे तशी ही धोरणंही आहेत. केंद्र सरकार परदेशी निर्मात्यांना इथल्या खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत परतावा देतं. २०२२ मध्ये तो ३० टक्के होता, नोव्हेंबर २०२३ मध्ये वाढवला आणि कमाल मर्यादा अडीच कोटींवरून थेट ३० कोटींवर नेली. 'चित्रपटस्नेही राज्य' असा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मान गुजरातला मिळाला. पुढच्या वर्षांत उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, उत्तराखंड, सिक्कीम आणि पुन्हा मध्य प्रदेश. या यादीत महाराष्ट्र नाही, हे वाचताना मला दर वेळी टोचतं. जिथे दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा उभा केला ते राज्य हे.

आपल्याकडे काय आहे? मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान. चित्रपट पूर्ण झाला की समिती बघते, गुण देते, 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख. या योजनेनं कित्येक चांगले चित्रपट तगले, तिच्याबद्दल मला कृतज्ञताच आहे. पण ते बक्षीस आहे. चित्रीकरण भोरला केलं की आणखी कुठे, गावातल्या किती जणांना काम दिलं, यावर ती रक्कम ठरत नाही. शिवाय ते मिळेल की नाही हे निर्मात्याला आधी माहीत नसतं, त्यामुळे बजेटच्या कागदावर मी ते कधीच जमेला धरू शकत नाही. आणि मालिका? वर्षाला तीनशे दिवस सेट चालवणारी मालिका त्यात कुठेच बसत नाही.

आता भाकऱ्यांचं सांगते. भोरजवळ आमचं अठरा दिवसांचं शेड्यूल होतं. युनिट एकशे दहा माणसांचं, कॅटरिंग मुंबईचं. चौथ्या दिवशी लाइटवाल्या दादांनी कुरकुर केली की रोज तोच पनीर-पुलाव, भाकरी द्या. जवळच्या वाडीतल्या दोन बायकांना विचारलं, त्यांनी आणखी तिघींना आणलं. रोज दुपारी दोनशे भाकऱ्या, ठेचा, पिठलं. पहाटे साडेतीनला चुली पेटायच्या. बारा वाजता पाट्या डोक्यावर घेऊन त्या चढ चढून यायच्या, भाकऱ्या जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या, फडकं उघडलं की वाफ यायची. चौदा दिवसांत त्या पाचजणींना जेवढे पैसे मिळाले तेवढे त्यांना खुरपणीला दोन महिने जाऊन मिळाले नसते, हे त्यांचंच म्हणणं.

त्याच चित्रपटाचा काही भाग आम्ही दुसऱ्या एका राज्यात केला होता, तिथल्या अनुदानासाठी. राज्याचं नाव घेत नाही. तिथेही असंच स्थानिक जेवण घेतलं होतं, बैलगाड्या घेतल्या होत्या, परटाकडून कपडे धुऊन घेतले होते. ऑडिटला बसले तेव्हा एकही व्हाउचर धरलं गेलं नाही. जीएसटी बिल नाही, अंगठा आहे पण पॅन नाही, बाद. धरलं काय गेलं? मोठ्या शहरातून आलेल्या व्हॅनिटी व्हॅनचं बिल, जनरेटरचं बिल, स्टार हॉटेलचं बिल. म्हणजे ज्या गावासाठी योजना, त्या गावात पोचलेला प्रत्येक रुपया कागदावर शून्य. अनुदान आलं तेही सव्वीस महिन्यांनी. तोवर निर्मात्यानं दीड टक्का महिन्यानं व्याज भरलं होतं.

महाराष्ट्रानं टक्केवारीच्या शर्यतीत धावावं असं माझं म्हणणं नाही. कमी टक्के द्या, पण चित्रीकरण ज्या तालुक्यात झालं तिथल्या माणसांच्या हातात गेलेल्या पैशावर द्या, मालिकांनाही द्या आणि कागद पूर्ण झाल्यापासून ठरलेल्या मुदतीत द्या. आता गावोगाव यूपीआय आहे. भाकरीवाल्या मावशींच्या खात्यात गेलेले साडेतीन हजार बँकेच्या स्टेटमेंटमध्ये स्वच्छ दिसतात. याहून चांगला पुरावा कुठला? या क्षेत्रातल्या आणि बाहेरच्याही लोकांचं मत हवंय.

---

हिशेबी_कोथरूड | मंगळवार, रात्री ११.२५

ताई, लेख आवडला. मी सीए आहे. प्रतिसाद येण्याआधी एक घोळ मिटवतो, कारण या विषयावर बोलणं निघालं की 'करमुक्त' आणि 'अनुदान' यांची सरमिसळ होतेच.

करमुक्ती म्हणजे तिकिटावरचा कर माफ. त्याचा चित्रीकरणाशी संबंध नाही. पूर्वी राज्याचा करमणूक कर होता, मोठ्या शहरांत हिंदी चित्रपटाच्या तिकिटावर ४५ टक्के. मराठी चित्रपटाला तो माफ होता आणि ती फार मोठी सवलत होती. सत्तरच्या दशकात तर याच करातून परतावा देण्याची योजना निघाली. मराठी निर्मात्यानं पुढचा मराठी चित्रपट केला की आधीच्या चित्रपटाचा जमा झालेला कर त्याला परत. त्या अटीमुळे पैसा व्यवसायातच फिरत राहिला. ताई जे मागतायत त्याच्या जवळ जाणारी कल्पना आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच होती, हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, करमणूक कर त्यात विरला आणि मराठी तिकीटही करपात्र झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत एका ऐतिहासिक हिंदी चित्रपटाला करमुक्त करा अशी मागणी झाली, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी हेच सांगितलं होतं की राज्यानं करमणूक कर २०१७ मध्येच रद्द केलाय, माफ करायला तो उरलेलाच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. राज्याचा वाटा त्याच्या निम्मा. एखादं राज्य आज 'करमुक्त' जाहीर करतं, तेव्हा ते आपला हा निम्मा वाटा सोडतं किंवा परत देतं.

भाकऱ्यांच्या व्हाउचरबद्दल उद्या सविस्तर लिहितो. त्यावर मार्ग आहे.

---

अटलांटातली_सदाशिवपेठ | बुधवार, सकाळी ७.१०

मुळाकाठची ताई, मी मूळची पुण्याची, बारा वर्षं जॉर्जिया राज्यात. इथे या सवलतींनी शहराचं रूप कसं पालटलं ते डोळ्यांसमोर पाहिलंय.

जॉर्जियात किमान ५ लाख डॉलर खर्च केला की २० टक्के क्रेडिट. चित्रपटाच्या शेवटी राज्याचं पीचचं बोधचिन्ह दाखवलं की आणखी १० टक्के. एकूण रकमेला मर्यादा नाही. गंमतीची आणि महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हॉलिवूडच्या कंपनीला जॉर्जियात भरण्यासारखा कर फारसा नसतोच, मग क्रेडिट घेऊन करणार काय? ते विकता येतं. ज्याला इथे कर भरायचाय असा कुणीही थोडं कमी देऊन ते विकत घेतो आणि आपल्या करातून वळतं करतो. म्हणजे सरकारी तिजोरीतून सोडलेल्या पैशाचा काही भाग अशा करदात्याच्या खिशात जातो ज्याचा सिनेमाशी काडीचा संबंध नाही. हा दोष आपल्याकडे येऊ देऊ नये. थेट परतावा बरा.

२०२० च्या जानेवारीत राज्याच्याच लेखापरीक्षकांनी अहवाल दिले. अपात्र खर्चावर क्रेडिट दिलं गेलं आणि योजनेचा फायदा वाढवून सांगितला गेला, असं त्यात स्पष्ट होतं. त्यानंतर ऑडिट सक्तीचं झालं.

आणि दुसरी बाजू. २०२२ च्या आर्थिक वर्षात इथे ४.४ अब्ज डॉलरचं काम झालं. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा आणि कलाकारांचा संप झाला, त्याच सुमारास कंपन्या ब्रिटनकडे वळल्या. २०२४ च्या वर्षात आकडा २.६ अब्जांवर आला. आमच्या गल्लीत एक सुतार राहतात, दहा वर्षं फक्त चित्रपटांचे सेट बांधायचे. त्यांच्या गॅरेजमध्ये नकली विटांच्या भिंती रचून ठेवलेल्या असायच्या, माझी मुलगी त्यावर बोट फिरवून म्हणायची, "ही तर थर्माकोलची आहे!" गेल्या वर्षी त्यांनी ते सगळं काढून टाकलं. आता लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं करतात. टक्केवारीवर आलेलं काम जास्त टक्केवारीच्या मागे जातं. कॅलिफोर्नियानं तर २०२५ मध्ये वार्षिक तरतूद ३३ कोटी डॉलरवरून ७५ कोटींवर नेली, आपल्याच गावातून गेलेलं काम परत आणायला.

---

निवृत्त_गणितमास्तर | बुधवार, सकाळी ९.३०

मुळाकाठची, तुमची तळमळ कळते, भाकऱ्यांचा प्रसंग वाचून गलबललो. तरीही विरोध नोंदवतो.

मिशिगन राज्यानं २००८ मध्ये ४२ टक्क्यांपर्यंत सवलत जाहीर केली. मोटारीचे कारखाने बंद पडत होते, लोकांना वाटलं सिनेमा हात देईल. पॉन्टिॲक गावी जनरल मोटर्सच्या जुन्या जागेत स्टुडिओ उभा केला. त्याच्या कर्जरोख्यांना हमी कुणाची? सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीची. २०११ मध्ये नव्या गव्हर्नरांनी योजनेला वर्षाला अडीच कोटी डॉलरची मर्यादा घातली, स्टुडिओ अडचणीत आला आणि हप्ते निवृत्तांच्या निधीला भरावे लागले. २०१५ मध्ये योजनाच गुंडाळली. मी स्वतः पेन्शनवर जगतो, त्यामुळे हे वाचल्यावर माझी झोप उडाली होती.

मी ज्या शाळेत शिकवलं तिथे आजही पावसाळ्यात दोन वर्ग एका खोलीत बसतात. सरकारनं एक कोटी एका चित्रपटाला दिले तर त्या एका कोटीत काय काय झालं असतं, हा प्रश्न मी विचारणारच. चित्रपट पंचवीस दिवसांत पॅक-अप करून जातो. खोली चाळीस वर्षं टिकते.

---

मुळाकाठची | बुधवार, दुपारी १.०५

मास्तर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारला गेलाच पाहिजे. मिशिगनची गोष्ट मला ठाऊक होती, पण पेन्शन निधीचा भाग तुम्ही लिहिलात तसा मी कधी मनावर घेतला नव्हता. इमारतीला हमी देणं आणि झालेल्या खर्चावर परतावा देणं यात मी फरक करते. मी मागतेय ते दुसरं. आधी माणसाला मजुरी मिळाली पाहिजे, त्याचा पुरावा आला पाहिजे, मगच सरकारचा रुपया सुटावा. कामच झालं नाही तर सरकारचं काही जात नाही.

आणि म्हणूनच मालिकांचं म्हणते. चित्रपट पंचवीस दिवसांत जातो हे खरं, पण साताऱ्यात, कोल्हापुरात, नाशकात मालिकांचे सेट वर्ष-दोन वर्षं उभे राहिलेत. तिथे वाडा भाड्यानं जातो, गावातली पोरं आधी गाड्या लावायला येतात आणि वर्षभरात आर्ट डिपार्टमेंटमध्ये शिरतात. एक मुलगी तर आमच्याकडे कपड्यांना इस्त्री करायला आली होती, आज कंटिन्युइटी सांभाळते. कुठल्या प्रसंगात कुंकवाची कोर किती होती हे तिला तोंडपाठ असतं.

अटलांटाच्या ताई, विकत्या क्रेडिटबद्दल पूर्ण सहमत. तुमच्या शेजाऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. पुण्याला हा अनुभव नवा नाही. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून इथे आली तेव्हा कोल्हापूरकरांना काय वाटलं असेल? आणि पुढे प्रभात बंद पडली तेव्हा इथल्या कारागिरांना काय वाटलं असेल? १९६० मध्ये त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली हे आपलं नशीब. पण तिथून शिकून बाहेर पडणारी मुलं आजही दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी धरतात. काम तिकडे आहे, काय करतील?

---

सेटिंगदादा_हडपसर | बुधवार, संध्याकाळी ७.५०

मी जास्त लिहीत नाही पण यावर लिहितो. सेटिंगला, म्हणजे सेट उभारायच्या कामाला आहे, बावीस वर्षं झाली.

मास्तर म्हणतात तसं काम निघून जातं, ते मी भोगलंय. एप्रिल २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळे राज्यात शूटिंग बंद झालं. चॅनेलला रोज एपिसोड पाहिजे. आठवड्याच्या आत युनिट उचलून गोव्याला, सिल्वासाला, हैदराबादला. एका मालिकेचं घराचं सेट होतं, त्याच्या जागी गोव्याचा बंगला घेतला आणि गोष्टीत घरचे सहलीला गेलेत असं दाखवलं. मुंबई-पुण्याचे निम्मे लोक घरी. मी दीड महिना घरी. मग मे महिन्यात गोव्यानंही परवानग्या थांबवल्या, परत पळापळ. तेव्हा कळलं की सेट म्हणजे चार चाकांवर असतो. आज टेम्पोत चढवला की उद्या दुसऱ्या राज्यात. त्यामुळे सरकारनं काही दिलं नाही तरी काम इथेच राहील असं कुणी समजू नये.

एक अट माझ्याकडून घाला ताई. मालिकेत नव्वद दिवसांनी पैसे द्यायची रीत आहे. जानेवारीत घाम गाळला की एप्रिलमध्ये पगार. सरकारकडून परतावा मागणाऱ्या प्रत्येक निर्मात्यानं आधी दाखवावं की कामगारांचे पैसे तीस दिवसांत दिले. नाही दिले तर परतावा नाही. सरकारला यासाठी एक पैसा जास्त लागणार नाही, आणि आमच्या घरचं मोठं दुखणं जाईल.

---

मुळाकाठची | बुधवार, रात्री ८.१५

दादा, ही अट मला सुचायला हवी होती. तुमच्या नव्वद दिवसांचे धनादेश मीच तयार करते आणि दर वेळी फोनवर तुमच्यासारख्यांचा आवाज ऐकते. नक्की घालू. मूळ मुद्द्यांत पहिलाच.

---

भोरखोऱ्यातला | बुधवार, रात्री ९.४०

मी भोरचा. राजवाड्यात, नीरेच्या घाटावर, भाटघरच्या बाजूला शूटिंग लहानपणापासून बघतोय. ताईंनी बायकांचं लिहिलं ते अगदी खरं. आता गावाच्या बाजूनं दोन गोष्टी.

पहिली, गावात पैसा येतो तो एका दोघांच्या हातून. लोकेशन दाखवणारा एक माणूस असतो. तो वाड्याचं भाडं ठरवतो, गर्दीला माणसं तोच आणतो, गाड्या त्याच्याच. युनिट देतं एक रक्कम, गर्दीत उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात येते दुसरी. खात्यात थेट पैसे जायला लागले तर हे आपोआप थांबेल.

दुसरी, शेताचं. हिरवं रान चांगलं दिसतं म्हणून आमच्या चुलत्याच्या भाताच्या खाचरात क्रेन उतरवली होती. भाडं दिलं, नाही असं नाही. पण बांध फुटला, जड चाकांनी जमीन दबली, पुढचे दोन हंगाम पाणी धरलं नाही. युनिट गेल्यावर कुणाला विचारायचं? फोन लागत नाही. सरकार परतावा देणार असेल तर ग्रामपंचायतीचं एक पत्र लागू करा, की युनिट गेलं तेव्हा जागा होती तशी होती आणि कुणाचं देणं राहिलेलं नाही. ते पत्र मिळाल्याशिवाय फाइल पुढे जाऊ नये.

---

निवृत्त_गणितमास्तर | गुरुवार, सकाळी ६.२०

रात्री सगळे प्रतिसाद वाचले. माझा विरोध टक्केवारीच्या उधळपट्टीला होता आणि तो कायम आहे. पण हडपसरच्या दादांची तीस दिवसांची अट आणि भोरकरांचं पंचायतीचं पत्र वाचून असं वाटलं की ही योजना सिनेमाची राहत नाही, मजुरीची होते. त्या रूपात मी तिच्या बाजूनं उभा राहीन. अट एकच, वर्षाची तरतूद अर्थसंकल्पात आधी ठरवा आणि ती संपली की त्या वर्षी खिडकी बंद. आणि कोणत्या चित्रपटाला, मालिकेला किती दिले, त्यातले तालुक्यात किती पोचले, हे दर वर्षी जाहीर करा. गणिताच्या मास्तरला उत्तराबरोबर पायऱ्याही दिसल्या पाहिजेत.

---

हिशेबी_कोथरूड | गुरुवार, दुपारी १२.३०

म्हटल्याप्रमाणे व्हाउचरबद्दल.

जीएसटी बिल नाही म्हणून खर्च खोटा, हे मुळात चूक आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आणि फक्त माल विकणाऱ्याची ४० लाखांच्या आत असेल, तर आपल्या राज्यात साधारणपणे नोंदणीच लागत नाही. असा माणूस साध्या कागदावर बिल देऊ शकतो आणि ते कायदेशीर असतं. ताईंचा खर्च ज्यांनी बाद केला, त्यांच्या योजनेच्या नियमातच ती अट असणार. म्हणजे दुरुस्ती नियमाच्या एका ओळीची आहे. 'जीएसटी बिल किंवा नोंदणी बंधनकारक नसलेल्या व्यक्तीच्या बँक खात्यात केलेलं प्रदान', एवढं लिहिलं की भाकऱ्या, बैलगाड्या, परीट, सगळे आत येतात.

रोखीचं मात्र सोडा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले तर आयकरात तो खर्च धरता येत नाही, वाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५,००० आहे. प्रॉडक्शनवाल्यांना पाकिटातून पैसे वाटायची सवय आहे, ती मोडावीच लागेल.

आणि पाच बायकांचं म्हणाल तर सगळ्यात सोपा रस्ता गावात आधीच आहे. बचतगट. गटाचं बँकेत खातं असतं, ठराव असतो, सचिव असते, पासबुक असतं. प्रत्येकीच्या नावानं पाच व्हाउचर करण्याऐवजी गटाच्या नावानं एक बिल. गटाला उद्यम नोंदणीही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करता येईल, तिला फी लागत नाही. एजंट पैसे मागतात, ते देऊ नका.

---

मुळाकाठची | गुरुवार, दुपारी ३.४५

ही ओळ मी जशीच्या तशी उचलते. पुढच्या आठवड्यात निवेदनाचा मसुदा इथेच टाकीन. दर्जाच्या अनुदानाला हात न लावता वेगळी योजना मागायची, म्हणजे कुणा निर्मात्याचं असलेलं काही जाणार नाही. तालुक्यातल्या खर्चावर परतावा, मालिका धरून. तीस दिवसांत मजुरी. पंचायतीचं पत्र. मास्तरांची वार्षिक तरतूद आणि जाहीर हिशेब. आणि कागद पूर्ण झाल्यापासून नव्वद दिवसांत पैसे निर्मात्याच्या खात्यात, कारण उशिरा येणाऱ्या अनुदानाचं व्याज शेवटी स्पॉटदादांच्या मजुरीतूनच कापलं जातं. टक्केवारी कोरी ठेवते, त्यावर भांडायला वेळ आहे.

भोरखोऱ्यातले दादा, एक काम होतं. त्या वाडीत बचतगट आहे का, चौकशी कराल? डिसेंबरात त्याच पट्ट्यात एका मालिकेची रेकी, म्हणजे शूटिंगआधीची जागांची पाहणी आहे.

---

भोरखोऱ्यातला | गुरुवार, रात्री ९.०५

आहे. दहा जणींचा आहे, पापड-कुरडया करतात. आजच संध्याकाळी जाऊन आलो. तुमच्या त्या पाचजणींपैकी तिघी त्याच गटात आहेत, तुम्हाला ओळखलं, "चष्म्यावाल्या ताई, रोज मोजून घ्यायच्या" म्हणाल्या. बिलबुक छापायला सांगितलंय. विचारत होत्या, यंदा भाकरी ज्वारीची की तांदळाची, आणि किती माणसं. दळण आधी करावं लागतं.

---

मुळाकाठची | गुरुवार, रात्री ९.२०

तांदळाची. साठ माणसं धरा, रेकीला वीस. तारीख पक्की झाली की कळवते. आगाऊ रक्कम गटाच्या खात्यातच टाकते, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवायला सांगा.